मराठी लिप-सिंकच्या टूलचं पेटंट: आधी त्यातला शोध कुठे आहे ते पाहा

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत रिगिंग करता, म्हणजे पात्रांना हलवता येईल अशी आतली जुळणी बसवता. घरी, कामाच्या वेळेबाहेर, तुम्ही एक टूल लिहिलंय. मराठी संवादाचं रेकॉर्डिंग आणि त्याची संहिता दिली की ते पात्राच्या तोंडाच्या हालचाली आपोआप बसवतं. तेच तुम्ही एका छोट्या मोबाइल गेममध्येही घातलंय. तिथे खेळाडू जे निवडेल त्यावर पात्रं लगेच बोलून उत्तर देतात. दोन महिन्यांपूर्वी डेमोचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात. आता एक मित्र म्हणतो, भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही, विषय सोड. दुसरा म्हणतो, आजच अर्ज कर, नाहीतर कुणीतरी पळवेल. कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंत.

मी पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करते. त्याआधी काही वर्षं मीही रिगिंगच करत होते, त्यामुळे गेम आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांची प्रकरणं माझ्याकडे जरा जास्त येतात. दोन्ही मित्रांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण तुमची अडचण त्यांच्या वादात नाही. तुम्ही टूल काय करतं ते लिहिलंत. ते कसं करतं, आणि त्या ‘कसं’मधला कोणता टप्पा तुमच्याआधी कुणी केला नव्हता, ते लिहिलं नाहीत. पेटंट अख्ख्या टूलला मिळत नाही, त्या टप्प्याला मिळतं. तो टप्पा हाती लागेपर्यंत अर्ज करावा की नाही, कुठे करावा, किती खर्च करावा, यातल्या कशालाच उत्तर नाही.

आधी लिप-सिंकमधलं अवघड काय ते पाहू. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ पूर्ण मिटतात. व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. उ आणि ओ ला ओठ गोल होतात. पण त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांच्यातला फरक जिभेचा असतो, समोरच्या कॅमेऱ्याला तो जवळपास दिसतच नाही. म्हणून प्रत्येक वर्णाला एक तोंड नेमून ती तोंडं ओळीने लावली की पात्र बोलत नाही, नुसतं तोंड फडफडवतं. आरशासमोर ‘ती’ आणि ‘तू’ म्हणून बघा. त तोच, पण ‘तू’ म्हणताना ओठ त च्या वेळीच गोल झालेले असतात. तोंड पुढच्या स्वराची तयारी आधीपासून करत असतं. मराठीत आणखी एक गोष्ट येते. आपण ‘घर’ लिहितो तेव्हा शेवटचा अ कागदावर असतो, उच्चारात नसतो. ‘करतो’ मधल्या र चा अ गळतो. संहितेवरून चालणाऱ्या टूलला हे कळलं नाही तर पात्र नको तिथे तोंड उघडतं.

तुमचा डेमो मी पाहिला. या दोन्ही गोष्टी त्यात नीट साधल्या आहेत, आणि मराठी पात्राचे ओठ मराठीसारखे हलताना पाहून मला मनापासून आनंद झाला. पण पेटंट परीक्षक आनंदावर चालत नाही. तो आधी काय काय झालंय ते शोधतो. लिप-सिंक आपोआप करण्यावरचं संशोधन १९८७ सालीच छापून आलेलं आहे. शेजारच्या ध्वनींचा एकमेकांच्या तोंडावर होणारा परिणाम गणितात कसा धरायचा, याचं कोहेन आणि मसारो यांचं प्रारूप १९९३ चं आहे. टोरांटो विद्यापीठातून २०१६ मध्ये ‘जाली’ ही पद्धत आली. तिच्यात जबडा आणि ओठ यांचा सहभाग वेगवेगळा धरला जातो, म्हणजे तेच वाक्य पुटपुटणारं आणि ओरडणारं पात्र वेगळं दिसतं. ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये दहा भाषांतले संवाद याच पद्धतीने बसवले गेले. हे सगळं तुमच्यासाठी प्रायर आर्ट आहे, म्हणजे आधीपासून जगासमोर असलेलं ज्ञान. त्यामुळे ‘मराठीत पहिल्यांदाच’ एवढ्या आधारावर अर्ज तरणार नाही. माहीत असलेली पद्धत नव्या भाषेला लावणं या क्षेत्रातल्या कोणत्याही जाणकाराला सहज सुचलं असतं, असा शेरा येईल. आणि त्या शेऱ्याशी मला भांडता येणार नाही.

मग शोध असेल कुठे? अशा वेळी मी समोरच्याला एक काम सांगते. टूलमधला एकेक भाग काढा, त्या जागी सर्वांना माहीत असलेली साधी पद्धत बसवा, आणि तेच संवाद पुन्हा चालवा. बहुतेक भाग काढले तरी फारसं बिघडत नाही. एखादा भाग मात्र असा निघतो की तो काढला की हालचाल बिघडते, किंवा फोन अडखळायला लागतो. शोध असलाच तर तिथे असतो. पुष्कळदा तो लिहिणाऱ्याला किरकोळ वाटलेला असतो. मागे एका स्टुडिओच्या लोकांनी मला आठवडाभर त्यांची संपूर्ण पाइपलाइन, म्हणजे कामाच्या टप्प्यांची साखळी, समजावली. कामाचं निघालं ते वेगळंच: कोणत्या की-फ्रेम, म्हणजे हालचालीतल्या मुख्य क्षणांच्या मुद्रा, ठेवायच्या आणि कोणत्या काढून टाकायच्या हे ठरवणारा, एका फाइलमध्ये कोपऱ्यात पडलेला नियम. तो भाग सापडला की साध्या मराठीत लिहा: ‘अमुक माहिती आली, आणि अमुक अट पुरी झाली, तर अमुक गोष्ट अशी बदलते.’ असं लिहिता आलं नाही तर तुम्हाला अजून तो पुरता कळलेला नाही असं समजा.

हे मी एवढं ताणून का सांगते, ते एका खटल्यावरून कळेल. तुमच्या टूलशी याहून जवळचा खटला मला माहीत नाही. मॉरी रोझेनफेल्ड यांच्या नावावर अमेरिकेत त्रिमितीय पात्रांच्या आपोआप लिप-सिंकची पेटंट होती. ती मॅक्रो नावाच्या कंपनीकडे होती. त्या कंपनीने बांदाई नामको आणि इतर अनेक मोठ्या गेम कंपन्यांवर दावे लावले. त्याआधीची पद्धत अशी होती: अ‍ॅनिमेटर ऐकून, पाहून, स्वतःच्या अंदाजाने महत्त्वाच्या जागी की-फ्रेम लावायचा आणि मधलं अंतर संगणक भरायचा. रोझेनफेल्ड यांच्या पद्धतीत तो अंदाज काढून टाकला होता. वेळेसकट आलेल्या ध्वनींच्या ओळीवर आधी ठरवलेले नियम चालवायचे. एकट्या ध्वनीकडे न पाहता लागून येणाऱ्या ध्वनींच्या गटाकडे पाहायचं, आणि त्यावरून कोणत्या क्षणी कोणतं तोंड किती प्रमाणात मिसळायचं ते ठरवायचं.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा अ‍ॅलिस खटल्यातला निकाल आला, आणि नुसती अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून पेटंट मिळणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी जिल्हा न्यायालयाने त्या आधारावर रोझेनफेल्ड यांची पेटंट रद्द ठरवली. सप्टेंबर २०१६ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कारण असं दिलं की इथे ‘लिप-सिंक आपोआप करा’ एवढंच मागितलेलं नाही. एका विशिष्ट प्रकारचे नियम मागितले आहेत, आणि अ‍ॅनिमेटर हाताने जे करत होते त्याहून ते वेगळे आहेत. त्यानंतर सॉफ्टवेअरचे अर्ज लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या टेबलावर तो निकाल आला. नियम जितका नेमका, तितका अर्ज टिकण्याचा संभव जास्त.

पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. २०२० मध्ये तोच खटला त्याच अपील न्यायालयात पुन्हा आला आणि या वेळी पेटंटवाले हरले. पेटंट रद्द झालं नाही, पण गेम कंपन्यांनी त्याचा भंग केलेला नाही असं ठरलं. क्लेममध्ये, म्हणजे पेटंटच्या मागण्यांमध्ये, चेहऱ्यावरच्या बिंदूंचं विस्थापन व्हेक्टरच्या, म्हणजे दिशा आणि अंतर यांच्या, भाषेत बांधलेलं होतं. मॉर्फ टार्गेटने, म्हणजे आधी घडवून ठेवलेल्या मुद्रा एकमेकींत मिसळून, चालणाऱ्या चेहऱ्याला ती भाषा बसत होती. कंपन्यांचे चेहरे बोन्सवर, म्हणजे आतल्या हाडांसारख्या सांगाड्यावर, चालत होते. तुम्ही रिगर आहात, हा फरक तुम्हाला मी सांगायला नको. लिप-सिंकचा नियम एक आणि तो चेहऱ्यावर उतरवण्याची पद्धत दुसरी. अर्ज लिहिताना दुसरीला पहिल्याशी बांधून टाकलं, तर शेजारचा माणूस रिग बदलून निघून जातो. तुमचं टूल आज ब्लेंडशेपवर, म्हणजे मॉर्फ टार्गेटवरच, चालतं असं दिसतंय. एजंटकडे जाल तेव्हा पहिल्याच बैठकीत सांगा की हाच नियम बोन्सवरही चालतो, द्विमितीय कटआउट पात्रावरही चालतो. चालत नसेल तर आधी चालवून बघा. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, जे लिहिलेलं नसतं ते नंतर घालता येत नाही.

आता भारतातला कायदा. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) प्रमाणे गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. तुमचा पहिला मित्र एवढंच वाचून थांबला आहे. ‘निव्वळ’ हा शब्द २००२ च्या दुरुस्तीने मुद्दाम घातलेला आहे. २०१६ मधल्या मार्गदर्शक सूचनांनी नवं हार्डवेअर असल्याशिवाय दारच बंद केलं होतं. ती अट २०१७ च्या सूचनांतून गेली. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केलं की शोध सॉफ्टवेअरवर आधारलेला आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, त्याचा तांत्रिक परिणाम काय ते पाहावं लागतं. तेव्हा व्यवहारात प्रश्न असा येतो: तुमच्या नियमामुळे यंत्राच्या वागण्यात काय सुधारलं?

इथे तुमचा गेम कामी येऊ शकतो. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्र काढणं, भौतिक हालचाली, आवाज हे सगळं त्यातच होतं. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातला एक बारीकसा तुकडा येतो. चित्रपटासाठी काम करणाऱ्या टूलला ही घाई नसते, ते एका फ्रेमला कितीही वेळ घेऊ शकतं. तुमच्या नियमामुळे कमी की-फ्रेम साठवाव्या लागत असतील, फोनची मेमरी वाचत असेल, साध्या फोनवर बोलणं आणि ओठ यांच्यातलं अंतर राहत नसेल, तर तो तांत्रिक परिणाम आहे. ‘पात्र जास्त भावपूर्ण दिसतं’ हा नाही. म्हणून मोजा. त्याच फोनवर, त्याच संवादांवर, नियमासह आणि नियमाविना. आकडे चांगले आले तर स्पेसिफिकेशनमध्ये तक्ता म्हणून जातील. नाही आले, तर भारतातला अर्ज अवघड आहे हे पैसे घालण्याआधी कळेल.

गेमच्या खेळण्याच्या पद्धतीबद्दल फार वेळ घालवू नका. खेळाडूच्या निवडीवरून पात्राने उत्तर देणं ही कल्पना आपल्याकडे कलम ३(एम) मध्ये अडकते. तिथे खेळ खेळण्याची पद्धत सरळ वगळलेली आहे. परदेशात चित्र वेगळं आहे, म्हणून बातम्या वाचून गोंधळ होतो. गेम लोड होताना खेळायला दुसरा छोटा गेम देण्याचं पेटंट नामकोकडे २०१५ पर्यंत होतं. कमोडोर ६४ या संगणकावर १९८७ मध्येच ‘इन्व्हेड-अ-लोड’ नावाने तसं काहीतरी येऊन गेलेलं असूनही ते होतं. वॉर्नर ब्रदर्सना शत्रूंच्या आठवणी आणि बढत्यांच्या ‘नेमेसिस’ व्यवस्थेचं पेटंट २०२१ मध्ये मिळालं. निन्टेन्डोने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पालवर्ल्ड’ या गेमच्या निर्मात्यांवर टोकियोत पेटंटचा दावा लावला. एका माणसाच्या गेमसाठी मी हा रस्ता सुचवत नाही.

व्हिडिओचं काय? इथे तुमच्या दुसऱ्या मित्राची घाई रास्त आहे, पण त्याचं कारण चुकीचं आहे. चोरापेक्षा तुम्हीच स्वतःचं नावीन्य संपवण्याचा धोका मोठा असतो. अर्जाच्या तारखेआधी शोध जगासमोर आला तर तो नवा राहत नाही, मग तो तुम्हीच का आणलेला असेना. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची सवलत आहे. भारतात ती फार अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, अशा ठरावीक प्रसंगांपुरती. यूट्यूब त्यात बसत नाही. तुमच्या बाजूची गोष्ट अशी की व्हिडिओत दिसतो तो निकाल. हलणारे ओठ पाहून आतला नियम कुणाला कळत नाही. पण मग मला तीन गोष्टी माहीत हव्यात: व्हिडिओच्या वर्णनात किंवा खालच्या उत्तरांत तुम्ही पद्धत समजावली का, टूल कुणाला उतरवून घ्यायला दिलं का, आणि कोड कुठे उघडा ठेवला का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर बहुधा वाट मोकळी आहे. एकाचंही ‘हो’ असेल तर ते एजंटपासून लपवू नका. व्हिडिओ आता काढून टाकून उपयोग नाही, जे दिसलं ते दिसलं. यापुढे कशाचंही स्पष्टीकरण तेवढं देऊ नका. या मंचावर सुद्धा.

तारखांचे पुरावे जपून ठेवा. राल्फ बेअर यांनी टीव्हीवर खेळण्याच्या यंत्राची कल्पना १ सप्टेंबर १९६६ या तारखेने चार पानांत लिहून ठेवली होती. त्यातून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीचं ओडिसी हे यंत्र बाजारात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेमला ओडिसीचं प्रात्यक्षिक झालं. तिथल्या पाहुण्यांच्या वहीत नोलन बुशनेल यांची सही होती. पुढे बुशनेल यांच्या अटारी कंपनीने ‘पाँग’ हा गेम काढला, मॅग्नावॉक्सने दावा लावला, आणि ती वही पुरावा ठरली. अटारीने १९७६ मध्ये परवाना घेऊन तडजोड केली. तुमच्यासाठी वहीचं काम गिटचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा, इतिहास करेल. तो पुसू नका, कमिट, म्हणजे त्या नोंदी, एकत्र करून ‘स्वच्छ’ करू नका.

गिटचा विषय निघालाच आहे, तर मालकीचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. नोकरीचं पत्र आणि करार बाहेर काढा. अनेक स्टुडिओंच्या करारांत असं कलम असतं की नोकरीच्या काळात, कामाशी संबंधित जे काही तयार होईल ते कंपनीचं. काही ठिकाणी ‘कामाच्या वेळेत आणि कंपनीच्या साधनांवर’ अशी मर्यादा असते, काही ठिकाणी नसते. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधासाठी वेगळं प्रकरण नाही, त्यामुळे कराराचे शब्दच ठरवतात. तुम्ही घरी लिहिलंत हे चांगलं. पण कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं सॉफ्टवेअर लायसन्स किंवा एखाद्या चालू प्रोजेक्टचं पात्र चाचणीसाठी वापरलं असेल तर उत्तर बदलतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं काम उत्तम होतं, अर्जही लिहून तयार होता, पण चाचणीची सगळी दृश्यं तिच्या मालकांच्या मालिकेतली निघाली. आम्ही आधी मालकांशी बोलून लेखी संमती घेतली आणि मग अर्ज केला. तो क्रम उलटा झाला असता तर पेटंट मिळूनही उपयोग झाला नसता.

समजा शोध सापडला, तो तुमचा आहे, आणि नवाही आहे. तरीही पेटंट घ्यावं का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. मी एक गोष्ट आधी पाहते: दुसऱ्याने वापरलं तर तुम्हाला कळेल का? लिप-सिंकचं टूल दुसऱ्याच्या स्टुडिओत, बंद दारामागे चालतं. बाहेर येतो तो फक्त हलणारा चेहरा. तुमचा नियम वापरला की दुसरा, हे सिद्ध करणं फार कठीण. आणि पेटंटसाठी तुम्ही पद्धत सगळ्यांना वाचता येईल अशी छापता, साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतोच. अशा टूलसाठी पुष्कळदा गुप्तता बरी पडते: कोड स्वतःकडे, ग्राहकाला सेवा, आणि ज्यांना आत घ्याल त्यांच्याशी लेखी गोपनीयता करार. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने तो करार नीट असणं फार गरजेचं. उलट तुमचा नियम गेमच्या आत, लोकांच्या फोनवर चालणार असेल, तर जाणकार तो उलगडून पाहू शकतात. तिथे गुप्तता टिकत नाही आणि भंगाचा पुरावा मात्र मिळतो. म्हणजे तुमच्या एकाच शोधाच्या दोन वापरांना दोन वेगळी उत्तरं निघू शकतात.

तिसरा मार्ग उघडं ठेवण्याचा. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ढग, संगमरवर, धूर असे नैसर्गिक पोत गणिताने काढायची पद्धत शोधली. तिचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. पर्लिन नॉइझ आज जवळपास प्रत्येक गेम इंजिनात आणि प्रत्येक अ‍ॅनिमेशन पॅकेजमध्ये आहे, आणि त्या कामासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुढे त्यांची सुधारित पद्धत, सिम्प्लेक्स नॉइझ, पेटंटखाली आली. तेव्हा लोकांनी तिच्या वळशाने जायला ‘ओपनसिम्प्लेक्स’ लिहिलं. पेटंट २०२२ मध्ये संपलं. माणूस तोच, विषय तोच, आणि दोन शोधांची वाट इतकी वेगळी. मराठी, कोकणी आणि इतर भारतीय भाषांच्या पात्रांना नीट बोलता यावं ही तुमची इच्छा प्रश्नात स्पष्ट दिसते. ती मुख्य असेल तर पद्धत तारखेसह सविस्तर छापून टाकणं हाही खरा पर्याय आहे. त्याने पुढे दुसऱ्या कुणाला तीच गोष्ट पेटंट करून तुमच्यावर उलटता येत नाही.

ही भीती खोटी नाही. डूम ३ या गेमसाठी सावल्या काढण्याची एक पद्धत त्याचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी स्वतः शोधली होती. पण क्रिएटिव्ह कंपनीच्या लोकांनी तीच पद्धत आधी मांडून पेटंट घेतलं होतं. ‘मी स्वतंत्रपणे शोधलं’ हा पेटंटमध्ये बचाव होत नाही. २००४ मध्ये गेम आला तेव्हा परवान्याच्या बदल्यात क्रिएटिव्हचं आवाजाचं तंत्रज्ञान त्यात घ्यायचं ठरलं होतं. आणि २०११ मध्ये गेमचा कोड खुला करताना कारमॅक यांना तो भाग बदलून लिहावा लागला. म्हणून स्वतः अर्ज करणार नसाल तरी दुसऱ्यांची पेटंट शोधून पाहा. गुगल पेटंट्स, एस्पसनेट आणि भारतीय कार्यालयाचं इनपास हे तिन्ही फुकट आहेत. नुसत्या शब्दांनी शोधू नका, पेटंटच्या विषयवार वर्गीकरणाच्या क्रमांकांनी शोधा. पात्रांच्या अ‍ॅनिमेशनसाठी जी०६टी १३/४०, व्हिडिओ गेमसाठी ए६३एफ १३, आणि आवाजाचं दृश्यात रूपांतर करण्यासाठी जी१०एल २१.

आता तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. आधी करार वाचला असता, त्यात शंका असती तर बाकी सगळं थांबवून तीच मिटवली असती. मग भाग काढून पाहण्याची चाचणी आणि फोनवरची मोजणी. नियम सापडला आणि आकडे बोलले, तर भारतात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला असता. त्याने तारीख मिळते आणि पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे आणि परीक्षणाची मागणी ४,००० रुपयांची. एजंटची फी वेगळी, आणि ती कामावर अवलंबून. प्रोव्हिजनल आहे म्हणून दोन ओळींत उरकू नका. जे त्यात लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते. त्या १२ महिन्यांत दोन-तीन स्टुडिओंना, गोपनीयता करार करून, टूल दाखवा. कुणी पैसे देऊन वापरायला तयार आहे का ते त्यातून कळेल. अमेरिकेसारख्या देशातला अर्ज लाखांच्या खर्चाचा असतो. तो ग्राहक दिसल्याशिवाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि परदेशात थेट अर्ज करून देतो असं कुणी म्हणालं तर सावध राहा. भारतात राहणाऱ्याने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं, किंवा कलम ३९ प्रमाणे पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. ते न करता परदेशात अर्ज केला तर इथला अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, आणि कलम ११८ मध्ये त्यासाठी तुरुंगवासाची तरतूदही आहे.

व्हिडिओबद्दलच्या वरच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांशिवाय तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात: नोकरीच्या करारातल्या त्या कलमाचे नेमके शब्द, कंपनीचं नाव काढून, आणि व्हिडिओखाली तुम्ही दिलेली उत्तरं. नियम स्वतः मात्र इथे लिहू नका, तो तुमच्या एजंटलाच सांगा.